दीवमध्ये तीन दिवस: आईने पास केलेली मासळी आणि छप्पर शाबूत असलेलं चर्च

माझ्या आईने चाळीस वर्षं वसईच्या बाजारात पाटी लावून मासळी विकली. त्यामुळे बाहेरगावी मासे खायचे म्हटलं की आमच्याबरोबर परीक्षकही येतो, आणि तो हातचं राखून मार्क देत नाही. यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई, माझे मिस्टर आणि मी असे तिघं दीवला जाऊन आलो. जाण्याआधी ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच माहिती दिली होती: गुजरातेत दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. त्या एका गोष्टीखाली या बेटाचं बाकी सगळं झाकलं गेलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही बोरिवलीला वेरावळची गाडी पकडली. सकाळी उतरून सोमनाथाचं दर्शन घेतलं आणि टॅक्सीने कोडीनार, उना करत दुपारी दीवला पोचलो. बेट चौदाएक किलोमीटर लांब आणि रुंदीला अगदी चिंचोळं. गुजरातच्या किनाऱ्यापासून मधे फक्त खाडी, तिच्यावर पूल. पूर्वेच्या टोकाला दीव गाव आणि किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव, आणि या दोन टोकांच्या मधे दक्षिणेच्या बाजूने सगळे समुद्रकिनारे. एवढं डोक्यात ठेवलं की दुसरा नकाशा लागत नाही.

पहिली रात्र चुकली, ती आधीच सांगून टाकते. फोटो पाहून आम्ही नागवा किनाऱ्याजवळ खोली घेतली होती. रात्री साडेबारापर्यंत शेजारच्या हिरवळीवर स्पीकर चालू. आईला ब्लडप्रेशर आहे, ती उशीवर उशी ठेवून कान झाकून पडली होती. सकाळी तक्रार केली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, इथे सगळे याच्यासाठीच येतात. त्याच हॉटेलच्या जेवणात ‘आज सकाळचं पापलेट’ म्हणून जे आलं ते बोट लावताच भुसभुशीत सुटलं. आईने एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "बर्फातलं आहे. दोन वेळा वितळून परत गोठवलंय," म्हणाली. पैसे पूर्ण घेतले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सामान उचललं आणि दीव गावात, फिरंगीवाड्यात, एका जुन्या घरात खोली मिळाली. इथून पुढे आमची सहल खरी सुरू झाली. तेव्हा माझा पहिला सल्ला हा: राहायचं ते गावात. नागवा पाहायला जा, झोपायला नको.

फिरंगीवाडा म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातली वस्ती. अरुंद गल्ल्या, फिकट पिवळी, निळी, गुलाबी घरं, लाकडी खिडक्या, ओट्यावर वाळत घातलेले कपडे. आमची खोली साधीच होती, पण चादरी उन्हात वाळवलेल्या होत्या आणि पहाटे खाडीकडून वारा यायचा. घरमालकीणबाई आईला पहिल्या तासापासून ‘मासी’ म्हणायला लागल्या. त्यांनीच सांगितलं, तुम्ही बाजारातून मासळी आणा, मी करून देते.

मासळी बाजार जेठीबाई बसस्थानकाच्या समोर आहे. (या जेठीबाईची गोष्ट आईला फार आवडली. पूर्वी दीवमध्ये कापड रंगवण्याचा धंदा करणारी ही बाई. पोर्तुगिजांच्या एका जुलमी कायद्याविरुद्ध तिने ओढणीवर अर्ज लिहून घेतला आणि तो थेट पोर्तुगालच्या राणीपर्यंत पोचवला, असं तिकडे सांगतात. धंदा करणारी बाई, म्हणून आईला ती लगेच आपली वाटली.) आम्ही सकाळी गेलो तेव्हा टोपल्या नुकत्याच उतरत होत्या. सुरमई, पापलेट, कोळंबी, बोंबील. बोंबलाला तिकडे ‘बुमला’ म्हणतात.

आई एका बाईसमोर बसली. म्हणजे खरोखरच खाली बसली, गुडघे दुखत असूनही, कारण उभ्याने मासळी बघायची तिला सवयच नाही. पापलेट हातात घेतलं आणि कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबलं. पांढरं, दुधासारखं पाणी आलं. तांबूस पाणी आलं तर मासा शिळा, पांढरं आलं तर ताजा. हे मी लहानपणापासून बघत आलेय, पण दीवच्या त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघण्यासारखं होतं. आपल्यातलीच कुणी आलीय हे तिने ओळखलं. मग भाव असा झालाच नाही. आई म्हणाली, "केटला?" तिने आकडा सांगितला, आईने मान डोलावली आणि तिने चार बोंबील वरून टाकले. कोळणीने दुसऱ्या कोळणीशी घासाघीस करायची नसते, असं आई बाहेर आल्यावर म्हणाली.

त्या दुपारचं जेवण हे माझ्या मते दीवमधलं सगळ्यात चांगलं जेवण. हिवाळ्यात गुजरातेत लीलं लसण मिळतं, म्हणजे पातीसकट कोवळा हिरवा लसूण. मालकीणबाईंनी तो लसूण, कोथिंबीर आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटली, त्यात मीठ, हळद आणि लिंबू घातलं आणि पापलेटाला चिरा देऊन आतपर्यंत भरलं. तव्यावर थोड्याशाच तेलात, मंद आचेवर. आपल्याकडे आपण लाल मसाला आणि आगळ लावतो. त्यात माशाची चव मसाल्याच्या मागून येते. इथे आधी मासा लागत होता, मग लसूण. सोबत बाजरीचा रोटला, त्यावर पांढरं लोणी, आणि मातीच्या मडक्यातली छास. आईने पापलेटाच्या डोक्यातला भाग बोटांनी वेगळा करून शेवटी खाल्ला, जसा ती घरी खाते. ताटात काटा सोडून काही उरलं नाही. बोंबील मात्र तिने स्वतः केले. पोट फाडून मधला काटा काढला, आणि पाणी सुटावं म्हणून पाट्याखाली तासभर दाबून ठेवले. मालकीणबाई हे दाबणं पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांच्याकडे बुमला तसाच पिठात घोळवून तळतात. रव्यातले कुरकुरीत बोंबील खाल्ल्यावर त्यांनी त्या पाट्याचा फोटो काढून ठेवला.

स्वयंपाक करून देणारी अशी घरं नि गेस्टहाउसं दीव गावात आहेत. खोली घेतानाच विचारून ठेवा.

संध्याकाळी बंदर चौकात फिरायला जायचं. हा गावाचा मुख्य चौक, खाडीच्या काठाला. समोर पाण्यात पाणीकोटा दिसतो: खाडीच्या तोंडाशी दगडात बांधलेला छोटा जलदुर्ग, लांबून एखाद्या नांगरलेल्या गलबतासारखा. अंधार पडला की दिवे लागतात आणि चौकात तळलेल्या माशांचा वास सुटतो. आम्ही तिथे गाड्यावरची कोळंबी खाल्ली. मसाला जरा जास्त होता, पण कोळंबी त्याच दिवसाची होती. आईने दहापैकी सात दिले, आणि तिचे सात म्हणजे पुष्कळ.

सकाळच्या नाश्त्याला हॉटेलात बसूच नका. गावात गाठियाची दुकानं उघडलेली असतात. कढईतून निघालेले गरम गाठिया, बाजूला कच्च्या पपईचा संभारो आणि मीठ लावून तळलेल्या मिरच्या. मिस्टरांना मासे तितकेसे चालत नाहीत, त्यांचे तिन्ही दिवस यावर आणि काठियावाडी थाळीवर छान गेले. वांग्याचा ओळो, सेव-टमाटा, लसणाची चटणी, रोटला. दीवच्या बऱ्याच रेस्टॉरंटांच्या मेनूकार्डात पंजाबी आणि चायनीजचीच पानं जास्त असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून जे तिथल्या घरांत शिजतं तेच मागा.

आता किल्ल्याबद्दल. वसईच्या माणसाने दीवचा किल्ला बघणं म्हणजे दुरावलेल्या नातेवाइकाच्या घरी जाण्यासारखं आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मुघलांच्या भीतीने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन्ही गावं एकाच माणसाच्या अडचणीतून एकाच हातात गेली. बहादूरशाह स्वतः १५३७ मध्ये याच दीवच्या पाण्यात, पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत मेला. त्यानंतर १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे या किल्ल्याला पडले आणि दोन्ही वेळा तो पोर्तुगिजांकडेच राहिला. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दीव मात्र पोर्तुगिजांकडून सुटलं ते थेट १९ डिसेंबर १९६१ ला, गोव्याबरोबर.

या तारखा मला शाळेपासून माहीत होत्या, पण त्यांचा अर्थ तिथे उभं राहिल्यावर कळला. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीकडच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. दगड आमच्या किल्ल्यासारखा काळा नाही, पिवळसर चुनखडीचा आहे. दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येतो आणि संध्याकाळी मधासारखा होतो. तटावर अजून तोफा आहेत, आत दीपगृह आहे. तटाच्या कडेला सगळीकडे कठडे नाहीत, लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. आई पहिल्या बुरुजापर्यंतच आली आणि तिथे एका सपाट दगडावर बसून राहिली. खाली खडकांवर लाट आपटत होती. तिला तेवढंच पुरे होतं, आणि ज्येष्ठ माणसांना घेऊन जाणाऱ्यांना मी तेच सांगेन: वर चढायचा अट्टहास नको, त्या पहिल्या बुरुजावरूनही समुद्र पूर्ण दिसतो. सकाळी लवकर जा, दुपारी आत सावली शोधावी लागते.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते सेंट पॉल चर्च. १६१० मध्ये पूर्ण झालेलं, जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाने बांधलेलं. आमच्या वसईच्या किल्ल्यातही जेझुइटांचं चर्च आहे. त्याचा दर्शनी भाग उभा आहे आणि वर छप्पर नाही. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. भिंतीतून पिंपळ आलेला, डोक्यावर आकाश. चर्च म्हणजे अशीच उघडी असतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. दीवच्या या चर्चचं दार ओलांडलं, वर पाहिलं, आणि छप्पर होतं. उंच, कमानदार. समोर कोरीव लाकडी वेदी, मधे मारियेची मूर्ती, समोर लावलेल्या मेणबत्त्या, झाडलेली फरशी. आमच्या पडक्या भिंतींच्या आत एके काळी काय असेल ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. मी बाकावर बराच वेळ बसले. मिस्टर बाहेर जाऊन आले, परत आले, काही बोलले नाहीत. आईने दोन्ही हात जोडले आणि हळूच विचारलं, "आपलं पण असंच होतं का गं?" मी हो म्हटलं.

दीवमधली बाकीची जुनी चर्च वेगळ्या कामाला लागली आहेत. सेंट थॉमसचं संग्रहालय झालंय, सेंट फ्रान्सिसमध्ये दवाखाना. वेळ कमी असेल तर सेंट पॉल तेवढं चुकवू नका.

नायडा गुंफांना दहा मिनिटं देऊ असं ठरवून गेलो आणि तास गेला. किल्ल्यासाठी दगड काढून काढून ही पोकळी तयार झाली असं सांगतात. दगडावर खणल्याच्या सरळ रेषा दिसतात, वरून भोकांतून ऊन खाली पडतं, मुळं लोंबतात. मात्र आत जमीन उंचसखल आहे, चप्पल नाही, बूट हवेत. आईला तिथे नेलं नाही.

गंगेश्वरला मात्र तिला नेलंच. फुदम गावाजवळ समुद्राच्या काठाला खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आहेत, पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा. पायऱ्या उतरून जायचं. भरतीच्या वेळी गेलात तर लाट आत येते, पाचही लिंगांवरून जाते आणि फुलं घेऊन परत फिरते. आम्ही भरतीची वेळ मालकीणबाईंना विचारून गेलो होतो. आई शेवटच्या दोन पायऱ्या सोडून बसली. एक मोठी लाट तिच्या पावलांपर्यंत आली आणि तिने वाकून त्या पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. ओहोटीला गेलात तर लिंगं कोरडी दिसतील आणि ‘एवढंच?’ असं वाटेल. म्हणून वेळ विचारूनच जा.

चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर ‘खुकरी’चं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘आयएनएस खुकरी’ ही आपली युद्धनौका दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःची सुटका करून घेतली नाही, ते जहाजाबरोबरच गेले. काचेत त्या जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे, मागे मोकळा समुद्र. ज्या घरातून माणसं रोज समुद्रावर जातात त्या घरातल्या बाईला अशा ठिकाणी काय वाटतं ते आईच्या तोंडाकडे बघून कळत होतं. सूर्यास्ताला इथे गर्दी होते आणि लोक पाठ फिरवून सेल्फी काढतात. आधी नावं वाचावीत, एवढी विनंती.

नागवा किनारा सुंदर आहे यात वाद नाही. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पाणी बऱ्यापैकी शांत. पाण्यातल्या खेळांचे दर आधी ठरवून, लागलंच तर कागदावर लिहून घ्या. आमच्या शेजारच्या कुटुंबाला बोटीतून उतरल्यावर वेगळाच आकडा सांगितला गेला आणि त्यांची मुलगी रडवेली झाली होती. तिथली होक्याची झाडं मात्र निवांत बघा. ताडासारखंच झाड, पण खोडाला फांद्या फुटलेल्या. आपण याला रावणताड म्हणतो. तपकिरी फळं रस्त्याच्या कडेला विकायला असतात. वरचं साल चावलं की गुळासारखी किंचित चव लागते, आत टणक कोय. शांत पोहायचं असेल तर पुलापलीकडचा घोघला किनारा जास्त बरा. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला आणि स्वच्छता अजून टिकलेली दिसली. पावसाळ्यात समुद्रात उतरायला बंदी असते, त्या दिवसांत पोहण्याचा बेत करू नका.

शनिवार-रविवार, २६ जानेवारी, दिवाळी हे दिवस टाळा. आम्ही मंगळवार ते शुक्रवार होतो आणि रस्ते जवळजवळ रिकामे होते. परत येताना गुजरातच्या हद्दीवर तडच्या चेकपोस्टवर दारूसाठी गाड्या तपासतात, तिथे उगाच अडकण्यासारखं काही सामानात ठेवू नका.

शेवटच्या सकाळी रिक्षा करून वणाकबाऱ्याला गेलो. पर्यटक तिथे फारसे येत नाहीत. धक्क्याला शेकडो रंगीत होड्या, काठावर नव्या होडीचा लाकडी सांगाडा उभा, जाळी विणणारी माणसं, आणि मोकळ्या जागेत सुकत घातलेली मासळी. आई तिथे रिक्षातून उतरली ती काठीशिवाय. एका म्हातारीशी बोलत बसली, ती गुजरातीत, ही मराठीत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. बांबूच्या वलांडीवर आपण बोंबील कसे टांगतो ते आईने हाताने करून दाखवलं. म्हातारीने एक सुका बोंबील मोडून तिच्या हातात ठेवला. आईने वास घेतला, तुकडा चावला आणि मला म्हणाली, "दोन किलो घे. आणि नीट बांधून घे, गाडीत लोकांना त्रास नको."

चार प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर वर्तमानपत्र, वर आईची जुनी शाल, असं बांधून ते बोंबील आम्ही वसईला आणले. अर्धे शेजारी वाटले. उरलेले अजून डब्यात आहेत.